सुतकातली कढई

आमच्या भावकीत कुणी वारलं, की शेवगावपासून मिरजगावपर्यंत वडापाव मिळेनासा व्हायचा.

हे मी अभिमानानं सांगत नाही. (थोडं अभिमानानंच सांगतो.) लोकांच्या धंद्याला मंदी येते, संप येतो, महागाई येते. आमच्या धंद्याला सुतक यायचं! आणि ही सोय कुणा वैऱ्यानं केली नव्हती. पुण्यात राहून मॅनेजमेंट शिकून आलेल्या एका अतिहुशार माणसानं केली होती. तो माणूस मी.

त्याचं असं झालं. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, शेवगावच्या स्टँडजवळ वड्याची गाडी लावायचे. वडा असा, की एसटीचा कंडक्टर घंटी मारायच्या आधी खाली उतरून दोन वडे खाऊन यायचा, आणि गाडीतले प्रवासी त्याच्या नावानं ओरडायचं सोडून त्याच्या मागं रांगेत उभे राहायचे. मसाल्यात तात्या काहीतरी घालायचे. काय घालायचे ते फक्त त्यांनाच ठाऊक. आईलासुद्धा नाही! आई म्हणायची, "मी काय गावभर सांगत फिरनार हाय का?" तात्या म्हणायचे, "तुझ्या भैनीचा फोन आला की तुझ्या पोटात काय ऱ्हातंय का?" मग आई बहिणीला फोन लावून ही तक्रार करायची.

मी शिकून आलो आणि आल्या आल्या जाहीर केलं, "तात्या, गाडी बास झाली. आता ब्रँड! गावोगाव शाखा काढायच्या. फ्रँचायझी द्यायची."

"म्हंजी?"

"म्हणजे नाव आपलं, मसाला आपला. राबणार तो दुसरा."

तात्यांनी जरा विचार केला. "ह्याला आपल्यात घरजावई म्हनत्यात," ते म्हणाले.

त्यांना एकच काळजी होती. मसाला बाहेर फुटला तर? माझ्याकडं उत्तर तयार होतं. शाखा फक्त भावकीत द्यायची! एका कुळाची, एका रक्ताची माणसं. भावकीबाहेर कुणाला चिमूटभर मसाला नाही. तात्या तरी साशंक. "भावकी यका जागी नांदंल व्हय रं दत्तू?" मी म्हणालो, "तात्या, नांदायची गरजच नाही. भावकीतली माणसं एकमेकांशीच बोलत नाहीत, ती बाहेर काय सांगणार?" हे मात्र त्यांना पटलं.

नावही मीच ठेवलं. 'भावकी वडापाव'. खाली बारीक अक्षरांत, 'भांडणाइतका झणझणीत'. शेवगावची गाडी जाऊन तिथं दुकान झालं, त्यात माझी काचेची केबिन झाली, केबिनीत फिरती खुर्ची आली. पाठोपाठ पाथर्डीला एक चुलतभाऊ बसवला, जामखेडला दुसरा, मिरजगावला तिसरा. मसाला तात्या घरात दार लावून करायचे आणि पिशव्या शिवून धाडायचे. आमचं मेनूकार्ड वाचताना लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. वडा, भजी, पालकभजी, मिरची, समोसा. कढईत न पडणारा एकच पदार्थ आमच्याकडं होता, तो म्हणजे पाव.

आणि आमच्याकडं सुतकात चुलीवर कढई चढत नाही.

हे मॅनेजमेंटच्या पुस्तकात नव्हतं हो! पुस्तकात पुरवठा होता, मागणी होती, स्पर्धा होती. सगळ्या शाखा एकाच भावकीत असल्या, तर एका म्हातारीच्या जाण्यानं चारही कढया दहा दिवस पालथ्या पडतात, हे कुठल्याच धड्यात दिलेलं नव्हतं. पहिल्यांदा एक चुलती गेली तेव्हा एकाच सकाळी सगळी शटरं खाली आली. लोकांना वाटलं, धाड पडली. एका गिऱ्हाइकानं तर मला आडोशाला घेऊन हळूच विचारलं, "दत्तूशेठ, किती सापडलं?"

तात्या म्हणाले, "आरं, ह्याचा कायतरी इचार कर." मी म्हणालो, "अपवाद आहे तात्या. भावकी तरुण आहे." आमच्या भावकीत तेव्हा कवळीवाली माणसं कवळीशिवायच्यांना 'पोरा' म्हणून हाक मारायची.

या सगळ्यांत वडीलधारे होते गेनूआबा. नात्यानं तात्यांचे चुलत चुलते. गावाकडच्या आमच्या शेताला त्यांचं शेत लागून. मधल्या बांधावर एक बाभूळ होती. ती कुणाची, यावरून आबांचं आणि तात्यांचं बोलणं मी जन्मायच्या आधीपासून बंद. पुढं बाभूळ वाळली, पडली, तिचं सरपण दोन्ही घरांनी निम्मं निम्मं जाळलं. अबोला मात्र हिरवागार!

असे हे गेनूआबा एकदा शेवगावच्या दुकानात आले. तात्या गल्ल्यावर, मी केबिनीत. आबांनी तात्यांकडं पाठ केली आणि पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला म्हणाले, "खांबा, त्यास्नी सांग. आमच्या नातवाला, दिगूला, यक शाखा द्या म्हनावं. पोरगं दर साली कोयता घिऊन ऊस तोडाया जातंय. बायकोबी जाती संगं. आमी भावकीतलेच हाओत."

तात्या उठून खांबाच्या दुसऱ्या बाजूला आले. "खांबा, त्यास्नी म्हनावं, आदी बाभळीचं बोला."

"खांबा, बाभूळ कवाच जळली म्हनावं."

"खांबा, जळली, पन हुती कुनाची?"

खांब काही बोलला नाही. मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी मॅनेजिंग डायरेक्टर! मी म्हणालो, "यावर मीटिंग घेऊ." आबांनी दोन वडे खाल्ले, रुमालाला हात पुसले आणि निघून गेले. मीटिंग काही मी घेतली नाही. त्या दिवाळीनंतर दिगू पुन्हा कारखान्याकडं गेला.

भावकीबाहेरून मागणारेही काही कमी नव्हते. माझी बायको कर्जतची. तिच्या चुलतभावांनी शाखा मागितली, मी नाही म्हटलं. थोरली बहीण अक्का काष्टीला दिलेली. तिचे यजमान अशोकदाजी यांनी मागितली, त्यांनाही नाही म्हटलं. पण काष्टीचा आठवडी बाजार म्हणजे माणसाला माणूस आणि बैलाला बैल घासून जातो! तिथं शाखा तर काढायचीच होती. म्हणून मी दाजींचाच गाळा भाड्यानं घेतला आणि शाखा दिली बबन नावाच्या चुलतभावाला.

दाजी शांत माणूस. सुपारी कातरत म्हणाले, "दत्तूराव, गाळा माझा, गाव माझं, बटाटं उकडनार तुमची भैन. मंग शाखा बबनला कशी?"

"दाजी, तुम्ही भावकीबाहेरचे. नियम म्हणजे नियम."

"आन् तुमची भैन?"

"अक्काही. तुमच्याकडं दिल्यापासून."

अक्का आतून ऐकत होती. त्या भाऊबीजेला ओवाळताना तिनं तबक जरा जास्तच जवळ आणलं. माझ्या डाव्या मिशीचं टोक गेलं.

उद्घाटन बाजाराच्या दिवशी ठेवलं. मंडप, माईक, बाजारभर कर्णे. प्रमुख पाहुणे बोलावले. पहाटेपासून अक्कानं आणि तिच्या जावांनी बटाटे उकडून, सोलून डोंगर रचून ठेवला होता. तात्या शेवगावहून टेम्पोत मसाल्याच्या पिशव्यांवर स्वतः बसून आले. (पिशव्यांच्या बाबतीत त्यांचा कुणावरच भरवसा नव्हता, पिशव्यांवरही नाही.) बबननं केसांना तेल लावलं, कढईत तेल ओतलं, गॅस पेटवला. मी गळ्यात उपरणं घालून माईकवर 'हॅलो, हॅलो' करत होतो. तेवढ्यात तात्यांचा मोबाईल वाजला.

तात्यांनी ऐकलं. मग पिशवीवरून न उठताच म्हणाले, "गेनूआबा गेले."

"कधी?"

"आत्ताच. न्याहारीला बसल्ते. हातात आपलाच वडा हुता म्हनं."

मी माईक बंद करायचा विसरलो होतो. 'हातात आपलाच वडा होता' ही बातमी सगळ्या बाजारानं ऐकली. उद्घाटनाची जाहिरात म्हणून ती काही फार बरी नव्हती.

बबन झारा खाली ठेवून हळूच म्हणाला, "दादा, कढई?"

"उतरव!" तात्या गरजले.

बटाट्यांचा डोंगर तयार, बाजार भरलेला, प्रमुख पाहुणे वाटेवर. आज काष्टीत वडा मिळाला नाही, तर 'भावकी' पुन्हा कधी काष्टीत तोंड दाखवू शकणार नव्हती. मी तात्यांना बाजूला घेतलं आणि माझं सगळं शिक्षण पणाला लावलं. "तात्या, आबा चुलत चुलते. पिढ्या मोजल्या तर बरंच लांब पडतात. आणि बोलणं तर कित्येक वर्षं बंद! म्हणजे तसं पाहिलं तर ते आपले कुणीच नव्हते."

"आरं येड्या," तात्या म्हणाले, "बोलत न्हवतो म्हनूनच भावकी! बोलत आस्तो तर दोस्त झालो नस्तो?"

तेवढ्यात पाथर्डी, जामखेड, मिरजगाव, सगळीकडून फोन यायला लागले, "कढई उतरवली." मी शेवटचा उपाय काढला. "तळायचं नाही ना? मग वडे वाफवू!"

अक्का म्हणाली, "वाफवलेल्या वड्याला इडली म्हनत्यात. आन् तिच्यात बटाटं नस्तंय."

मला एकदम उजेड पडला. अक्का! अक्काला सुतक नाही. दाजींना तर मुळीच नाही! जावयाला कसलं आलंय सासऱ्याच्या भावकीचं सुतक? बटाटेही अक्कानं उकडलेले, म्हणजे बटाटेसुद्धा दाजींच्या कुळातले! मी धावत दाजींकडं गेलो. ते गाळ्याच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते.

"दाजी, कढई तुम्ही चढवा."

"मी?" दाजींनी सुपारीचं खांड निवडून तोंडात टाकलं. "मी भावकीभाइरचा मानूस. मला कसा आधिकार?"

"दाजी, पाया पडतो."

"सुतकात पाया पडत न्हाईत. लांबनंच बोला."

"मग काय करू?"

"म्हायेकवर सांगा. समद्या बाजाराला ऐकू जाऊ द्या, मी कोन हाय त्ये."

मी माईक उचलला. "मंडळी, आमचे अशोकदाजी हे आमच्या भावकीतलेच आहेत!"

"आरं गप!" तात्या टेम्पोतून ओरडले. "भावकीतले म्हनलास तर त्यान्लाबी सुतक!"

"नाहीत!" मी किंचाळलो. "मंडळी, अशोकदाजी भावकीतले नाहीत! अजिबात नाहीत! आणि म्हणूनच ते आमचे आहेत!"

बाजारात टाळ्या पडल्या. दाजी उठले, धोतर सावरलं, झारा हातात घेतला आणि म्हणाले, "मसाला आना."

आणि सगळे तात्यांकडं बघायला लागले. तात्या अजून मसाल्याच्या पिशव्यांवरच बसलेले! सुतक लागलं तेव्हाही ते पिशव्यांवरच होते. म्हणजे पिशव्याही सुतकात! आता मसाला दाजींच्या हातानं, बाजारातून नवं सामान आणून करणं भाग होतं. आणि तो कसा करायचा ते तात्यांशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं.

तात्यांचा चेहरा पाहवेना. जन्मभर बायकोला न सांगितलेलं गुपित, आणि आता जावयाला सांगायचं. तेही लांबून! कारण सुतकाची माणसं कढईजवळ नकोत म्हणून आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिलो. मधून बैलगाड्या, टेम्पो, म्हशी. तात्या ओरडले, दाजींना ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले, एक म्हैस थांबली. शेवटी मी माझ्या हातातला माईक पुढं केला. माईक मंडपवाल्याचा, त्याला कसलं सुतक?

तात्यांनी माईक घेतला. इकडं तिकडं बघितलं. आणि गुपित फुटू नये म्हणून माईकवर कुजबुजायला सुरुवात केली!

कर्ण्याकर्ण्यातून तात्यांचा घोगरा, चोरटा आवाज बाजारभर पसरला. "अशोकराव... कारळं घ्या... तव्यावर भाजा, करपू दिऊ नगा... त्यात ज्वस... मूठभर लसून, सालीसकट... आन् ह्ये कुनाला सांगू नगा. इशेष करून हिला."

ही, म्हणजे माझी आई, आमच्यातच, तात्यांच्या मागं उभी होती. ती म्हणाली, "यवढंच व्हय? मला पयल्यापास्नं ठावं हाय. वास येत न्हाई का मानसाला?"

बाजारात मात्र खळबळ माजली. बैल विकायला आलेली माणसं व्यवहार सोडून कारळं कुठं मिळतंय ते विचारायला लागली. किराणावाल्याकडं रांग लागली. कुणीतरी तात्यांना ओरडून विचारलं, "तात्या, ज्वस कच्चं का भाजलेलं?" आणि तात्या इमानदार माणूस! कुजबुजत उत्तर दिलं, "भाजल्यालं."

अशा वेळी प्रमुख पाहुणे आले. त्यांचा एका दिवसात सत्कार, वाढदिवस, लग्न, मयत असा सगळा फिरता कार्यक्रम. खिशात दोन भाषणं तयार, एक सुखाचं, एक दुःखाचं. त्यांनी गाडीतून उतरून बघितलं, तर रस्त्याच्या कडेला आम्ही सगळे पुरुष टोप्या काढून, माना खाली घालून ओळीनं उभे. त्यांनी लगेच चेहरा पाडला आणि दुसऱ्या खिशात हात घातला.

"आज आपल्यावर जो आघात झाला आहे," ते फीत कापत म्हणाले, "तो भरून न निघणारा आहे." कात्री चालली, फीत पडली. "ही पोकळी..." त्यांनी गाळ्याकडं हात केला. "ही पोकळी कोण भरून काढणार?"

"मी," आतून दाजी म्हणाले, आणि पहिला घाणा कढईत सोडला.

पाहुण्यांनी दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली. सबंध बाजार उभा राहिला. म्हशीसुद्धा गप्प. फक्त वड्यांचा चुर्रर्र आवाज आणि कारळ्याचा वास. गेनूआबांना इतकी भरगच्च श्रद्धांजली त्यांच्या गावातही मिळाली नसती. दुपारपर्यंत बटाट्यांचा डोंगर संपला.

मी लगोलग बाकीच्या शाखांना निरोप धाडला, "जावई शोधा!" पाथर्डीला जावई होते, जामखेडलाही होते. मिरजगावच्या भावाला जावई नव्हता, त्यानं मेहुणा आणला. कढया पुन्हा चढल्या. मी स्वतःची पाठ थोपटली. (सुतकात दुसरं कुणी थोपटलीही नसती.)

संध्याकाळी आम्ही गावाकडं पोचलो. दिगू उसाच्या फडातून थेट आला होता. अंगावर तेच कपडे, हातांवर पाचटाचे ओरखडे. आजोबांना अग्नी देऊन तो नुसता उभा राहिला. मला बघून म्हणाला, "दादा, आबा म्हनायचे, दत्तू मीटिंग घेनार हाय. कवा हाय मीटिंग?" त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. मला फार वाईट वाटलं.

मग आला दहावा.

नदीकाठी पिंड ठेवला. कावळेही वेळेवर हजर. समोरच्या झाडावर ओळीनं बसले. झाड बाभळीचंच होतं, याची नोंद सगळ्या भावकीनं घेतली. पण एक कावळा खाली उतरेल तर शपथ! उन्हं चढली. भावकीतल्या माणसांनी एकेक करून पुढं व्हायला सुरुवात केली.

"आबा, तुमची गाय सांबाळू." कावळा ढिम्म.

"आबा, जत्रंत तुमच्या नावानं जेवान घालू." एका कावळ्यानं चोच पुसली, बास.

मी पुढं झालो. "आबा, तुमचा फोटो सगळ्या शाखांत लावू. हार घालून." कावळ्यांनी तोंड फिरवलं.

मग मला सुचलं, वडा! आबांच्या हातात शेवटी वडाच होता. काष्टीहून आलेल्या दाजींनी तिथंच तळलेले गरम वडे पिंडाशेजारी ठेवले. खमंग वास सुटला. भावकीच्या तोंडाला पाणी सुटलं, पण कावळा हलला नाही! इतका ताजा वडा फुकट असून कुणी नाकारला, ही आमच्या धंद्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ. दाजी हळूच म्हणाले, "दत्तूराव, खांबासंगट मीटिंग राह्यलीय न्हवं तुमची?"

तात्यांनी ऐकलं. ते उठले. पिंडासमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मध्ये खांब न घेता आबांना हाक मारली.

"आबा, बाभूळ तुमची हुती."

वरचे कावळे एकदम सावरून बसले.

"दिगूला शाखा दितो. जिथं म्हनंल तिथं."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. तिथंच थांबला. मान वाकडी करून बघायला लागला. "आजून थोडं चढवा," मागून कुणीतरी म्हणालं, जणू बैलाचाच सौदा!

"शेवगावची दितो!" तात्या म्हणाले. "श्टँडजवळची! आपली पयली!"

"तात्या!" मी ओरडलो. "तिथं माझी केबिन आहे!"

"खुर्चीसकट दितो!" तात्यांनी सांगून टाकलं.

कावळा झेप घेऊन उतरला आणि पिंडाला शिवला. मग वडाही उचलला, आणि जाता जाता (हे कुणीच मानत नाही) माझ्याकडं बघून गेला. दिगू रडत होता. तात्याही रडत होते. मीही रडत होतो, माझं कारण जरा वेगळं होतं.

दिगूनं कोयता आढ्याला अडकवला तो कायमचा. शेवगावचं दुकान त्यानं आणि त्याच्या बायकोनं असं काही चालवलं, की कंडक्टरबरोबर आता ड्रायव्हरही खाली उतरतो. माझी काचेची केबिन काढून त्यानं तिथं पाव ठेवायचं कपाट केलं. लोखंडी खांबाला मात्र तो दर दिवाळीला हार घालतो.

बाकीच्या शाखांतही बदल झाला. दहा दिवसांसाठी आणलेले जावई परत गेलेच नाहीत. गिऱ्हाइकंच म्हणायला लागली, "पाव्हन्यांच्या हातचा वडा बरा हाय." काष्टीत दाजींनी शेजारचा गाळाही घेतला, आणि बबन त्यांच्याकडं कांदा चिरतो. शाखा मागायला आता जावयांची रांग लागते. कोपरगाव, राहुरी, पारनेर. धंदा कुठल्या कुठं गेला! माझी सारी योजना मोडल्यावर तो वाढला, हे मी कुठल्या कॉलेजात शिकवायला जाऊ?

आणि मी? नोकरी ना खुर्ची, असा घरात बसलो. एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, जावयांनाच शाखा मिळतात ना आता? मग तुम्ही काय कुणाचे जावई नाही का?"

तर मी सध्या कर्जतला, सासुरवाडीत, वड्याचं दुकान चालवतो. तात्या भेटायला आले की नुसते हसतात, घरजावई हा शब्द मुद्दाम उच्चारत नाहीत. धंद्याला स्पर्धा मात्र जबर. काष्टीच्या कर्ण्यावरून फुटलेलं गुपित कर्जतला कधीच पोचलंय. मी ज्यांना शाखा नाकारली होती त्या बायकोच्या चुलतभावांनी माझ्या दुकानाच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यात, आणि त्यांचा वडा माझ्यापेक्षा चांगला आहे. माझ्याकडं गिऱ्हाईक वळतं ते एकाच वेळी. बायकोच्या भावकीत कुणी गेलं की त्यांच्या कढया उतरतात, आणि सबंध कर्जतात जावयाची एकटी कढई चालू राहते.

यात माझा काही वाईट हेतू नाही. परवा सासऱ्यांना खोकला झाल्याचं कळलं, म्हणून मी नुसती काळजीनं चौकशी करायला फोन केला. "मामा, तब्येत कशी आहे?"

पलीकडं आधी खोकला दाबल्याचा आवाज आला.

"पाव्हनं," सासरे म्हणाले, "मी ठनठनीत हाय. जास्तीचं बटाटं उकडू नगा."